वाचक विचारतात : नळीतली पोकळी सांभाळायची कशी?

मागच्या अंकात उपग्रहाकडे संदेश पाठवणाऱ्या शक्तिवर्धकांवर एक टिपण आले होते. त्यात कॅलिफोर्नियातल्या कम्युनिकेशन्स अँड पॉवर इंडस्ट्रीज, म्हणजे सीपीआय, या कंपनीचा उल्लेख होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : व्हॉल्व्ह म्हणजे आजोबांच्या रेडिओतली काचेची नळी, एवढेच आम्हांला माहीत. व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी उपग्रहाची इलेक्ट्रॉनिक्स कशी काय बनवते? पुण्यात या विषयाशी संबंधित काही आहे का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शिवाजीनगर

धंदा एकच आहे. सहा गिगाहर्ट्झचा संकेत ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत पोचेस्तोवर सुमारे २०० डेसिबलने क्षीण होतो. म्हणून जमिनीवरून निघतानाच तो दणदणीत असावा लागतो. एवढ्या वरच्या कंप्रतेला शेकडो वॅट देणारे साधन पूर्वी एकच होते, ते म्हणजे निर्वात नळी. त्यामुळे नळी बनवणाऱ्यानेच पुढे तिचा वीजपुरवठा, संरक्षण, पंखे आणि नियंत्रण एका पेटीत बसवून विकायला सुरुवात केली. हीच पेटी म्हणजे भूकेंद्रातला, म्हणजे उपग्रहाशी संपर्क ठेवणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रातला, एचपीए (उच्च शक्तीचा शक्तिवर्धक).

सीपीआयची वंशावळ पाहिली की हे नीट कळते. रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांनी १९३७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लायस्ट्रॉन ही सूक्ष्मलहरींची निर्वात नळी तयार केली आणि १९४८ मध्ये व्हेरियन असोसिएट्स काढली. दुसरी शाखा आयमॅकची. आयटेल आणि मॅककला या दोघांनी १९३४ मध्ये सॅन ब्रुनोला ही कंपनी सुरू केली, ती प्रक्षेपकांच्या व्हॉल्व्हसाठी. १९६५ मध्ये आयमॅक व्हेरियनमध्ये आली. १९९५ मध्ये व्हेरियनने नळ्यांचा सगळा विभाग विकला, त्याचे नाव सीपीआय झाले. उपग्रह शक्तिवर्धकांचे त्यांचे काम कॅनडातल्या जॉर्जटाउनला चालते. २०२४ मध्ये नळ्यांचा विभाग ट्रान्सडाइमकडे गेला. जुन्या सुट्या भागांसाठी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, नाहीतर पत्र भलत्याच दारात जाते.

नळी अजून टिकून आहे ती उष्णतेमुळे. ट्रान्झिस्टरमध्ये संकेत मोठा होतो ती जागा आणि उष्णता निघते ती जागा एकच, आणि तीही नखाएवढी. ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबमध्ये, म्हणजे टीडब्ल्यूटीमध्ये, इलेक्ट्रॉनांचा झोत एका तारेच्या मळसूत्रातून जातो. मळसूत्रामुळे संकेताची लाट प्रकाशवेगाच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्यापर्यंत मंदावते, झोत तिच्यापेक्षा किंचित वेगाने धावतो आणि आपली ऊर्जा लाटेला देत राहतो. उरलेले इलेक्ट्रॉन पलीकडच्या टोकाला कलेक्टरवर आदळतात. उष्णता तिथे निघते आणि तिथे हवे तेवढे पंख लावता येतात. उपग्रहावरच्या आधुनिक टीडब्ल्यूटीची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या पुढे आहे. छोट्या व्हीसॅटसाठी, म्हणजे लहान तबकडीच्या भूकेंद्रासाठी, आज गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर घ्यावेत, त्यात वाद नाही. पण उपग्रहांसाठीच्या केयू कंप्रता-पट्ट्यात चारपाचशे वॅट आणि त्यापुढे हवे असतील तर नळीचा विचार अजून करावाच लागतो.

पुण्याचे म्हणाल, तर नारायणगावजवळ आर्वीला १९७१ मध्ये सुरू झालेले विक्रम भूकेंद्र हे देशाचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र. इंटेलसॅटमार्फत परदेशी दूरध्वनी तिथून जात. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये बंगळूरला रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, आणि तिचे पुणे युनिट १९७९ मध्ये निघाले ते रात्री पाहण्याच्या दुर्बिणींतल्या इमेज कन्व्हर्टर नळ्यांसाठी. त्याही निर्वात नळ्याच. सूक्ष्मलहरी नळ्यांचे संशोधन करायचे असेल तर पिलानीची सीरी (केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि बंगळूरची एमटीआरडीसी (सूक्ष्मलहरी नळी संशोधन व विकास केंद्र) या दोन ठिकाणी चौकशी करा.

प्रश्न : आमच्या भूकेंद्रात ४०० वॅटचा सी पट्ट्याचा टीडब्ल्यूटी शक्तिवर्धक राखीव म्हणून ठेवला होता. दोन वर्षे स्टोअरमध्येच पडून आहे. चालू पेटी बिघडली की हाच जोडायचा. थेट जोडून बटण दाबले तर चालेल का?
— तंत्रज्ञ, हडपसर

नाही. पडून राहिलेल्या नळीत धातूच्या आणि सिरॅमिकच्या पृष्ठभागांतून सूक्ष्म प्रमाणात वायू बाहेर येत राहतो. एकदम उच्च दाब, म्हणजे हाय व्होल्टेज, दिला की त्या वायूचे आयन होतात, उलटे धावून कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर, आपटतात आणि त्याचा पृष्ठभाग खरवडतात. कधी आत ठिणगी पडते. नळी त्याच दिवशी जाईल असे नाही, पण आयुष्य तिथेच कापले जाते.

आधी वेव्हगाइडचे, म्हणजे सूक्ष्मलहरी वाहून नेणाऱ्या पोकळ धातूच्या नळीचे, तोंड तपासा. टोपण नसेल तर आत कुंभारमाशीचे घर सापडणे हे आपल्याकडे नेहमीचे. पंखे हाताने फिरवून पाहा, हवेची जाळी धुवा. बाहेर जाणाऱ्या तोंडाला पूर्ण शक्ती झेलून उष्णतेत जिरवणारा डमी लोड लावा. अँटेना नको. आत जाणाऱ्या बाजूचा संकेत बंद ठेवा.

आता फक्त हीटर, म्हणजे कॅथोड तापवणारी तार. रोजच्या वापरात तीन मिनिटांनी पेटी स्वतःच ‘तयार’ म्हणते. ते या वेळी ऐकायचे नाही. दोन वर्षांनंतर हीटर रात्रभर चालू ठेवून पेटी स्टँडबायमध्येच राहू द्या. उत्पादकाच्या पुस्तकात वेगळा वेळ दिला असेल तर तोच पाळा. गरम कॅथोडभोवतीचा वायू शोषला जायला वेळ लागतो.

सकाळी संकेत न देता उच्च दाब द्या आणि नजर हेलिक्स करंटच्या, म्हणजे मळसूत्रावर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाच्या, आकड्यावर ठेवा. झोत सरळ जात असेल तर तो काही मिलिअँपिअरच असतो. पेटीसोबत आलेल्या चाचणी पत्रकावरच्या आकड्याशी ताडून पाहा. सुरुवातीला थोडा जास्त दिसून दहापंधरा मिनिटांत उतरला, तर नळी स्वतःला साफ करते आहे. ‘हेलिक्स फॉल्ट’ म्हणून पेटी बंद पडली, तर लगेच रीसेट करत बसू नका. पुन्हा चार तास नुसता हीटर द्या. तीनदा असे होऊनही पेटी टिकली नाही, तर नळीत हवा शिरली आहे असे समजून दुरुस्तीला पाठवा. रीसेटचे बटण दाबदाबून घालवलेल्या नळ्यांची संख्या खऱ्या बिघाडांपेक्षा जास्त असावी, असे आम्हांला मनापासून वाटते.

उच्च दाब स्थिर झाला की संकेत अगदी कमी द्या आणि एकेक डेसिबलने वाढवा. एका टप्प्यानंतर आत जाणारा संकेत वाढवूनही बाहेरची शक्ती वाढत नाही, ती नळीची संपृक्तता. त्याच्या पुढे गेलात तर शक्ती उतरते आणि हेलिक्स करंट चढतो. तिथे थांबू नका, मागे या. प्रत्यक्ष वापरात अनेक वाहक, म्हणजे वेगवेगळ्या कंप्रतेचे संकेत, एकत्र पाठवणार असाल, तर सहा डेसिबल मागे राहा. म्हणजे ४०० वॅटच्या नळीतून १०० वॅट. सगळे ४०० काढायला गेलात तर वाहकांची आपापसांत भेसळ होते आणि उपग्रहावरचा शेजारचा ट्रान्सपाँडर, म्हणजे शेजारचा पट्टा, वापरणाऱ्याचा फोन येतो.

यापुढे दर तीन महिन्यांनी ही पेटी डमी लोडवर चारसहा तास चालवा आणि हेलिक्स करंट, हीटरचे तास, बाहेरची शक्ती वहीत मांडा. नळी थकत आली की हे आकडे हळूहळू सरकतात आणि महिनाभर आधी सांगून जातात.

जूनपूर्वी आणखी एक काम करा. वेव्हगाइडमध्ये कोरडी हवा भरणाऱ्या डिहायड्रेटरमधली सिलिका जेल पाहा. निळी गुलाबी झाली असेल तर भाजून किंवा बदलून घ्या. पावसाळ्यात वेव्हगाइडमध्ये थेंब साचला की परावर्तित शक्ती वाढून पेटी वारंवार बंद पडते, आणि दोष नळीला दिला जातो. पेटीच्या आतल्या वीजपुरवठ्याला मात्र हात लावू नका. तिथे कित्येक हजार व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहतात. उघड्या वेव्हगाइडच्या तोंडात डोकावूनही पाहू नका.

प्रश्न : गिअर आणि शाफ्ट हार्डनिंगचे आमचे व्हॉल्व्हवाले इंडक्शन मशिन आहे. पूर्वी त्यातला ट्रायोड व्हॉल्व्ह दोन वर्षे टिकायचा. आता चारपाच महिन्यांत उत्सर्जन (इलेक्ट्रॉन सोडण्याची क्षमता) संपते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे व्हॉल्व्ह लावून पाहिले, तोच अनुभव. तिसऱ्या शिफ्टला बिघाड जास्त. काय बघावे?
— लघुउद्योजक, भोसरी

दोन कंपन्यांचे व्हॉल्व्ह सारख्याच वेळात जातात, म्हणजे दोष व्हॉल्व्हच्या बाहेर आहे. आणि ‘तिसऱ्या शिफ्टला जास्त’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण खरा सुगावा तोच आहे.

रात्री आजूबाजूचे कारखाने बंद झाले की लाइनचे व्होल्टेज चढते. २३० चे २५० झाले तर फिलामेंटचे, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तारेचे, व्होल्टेजही तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे जवळपास नऊ टक्के वाढते. या व्हॉल्व्हचे फिलामेंट थोरिएटेड टंग्स्टनचे असते. त्यावरच्या कार्बाइडच्या थरामुळे थोरियम पृष्ठभागावर येत राहते आणि तेच इलेक्ट्रॉन सोडते. तापमान थोडे वाढले तरी हा थर भराभर संपतो. उत्पादकांचा ठोकताळा असा : व्होल्टेज तीन टक्क्यांनी कमी केले की उत्सर्जनाचे आयुष्य दुप्पट. उलट धरा. नऊ टक्के जास्त म्हणजे आयुष्य आठवा हिस्सा. रोजच्या तीन शिफ्टपैकी एक शिफ्ट जरी असे होत असले, तरी तुमच्या चार महिन्यांचा हिशेब बराचसा इथेच लागतो.

मोजायचे कुठे, हेही महत्त्वाचे. पॅनेलवरच्या मीटरवर जाऊ नका. खऱ्या आरएमएसचा मीटर घ्या, प्लेटचा (म्हणजे ॲनोडचा) उच्च दाब पूर्ण बंद करून अर्थिंगचा दांडा लावा आणि नुसते फिलामेंट चालू ठेवून थेट व्हॉल्व्हच्या फिलामेंट टोकांवर मोजा. दुपारी एकदा, रात्री दोनला एकदा. फरक दिसला की फक्त फिलामेंट ट्रान्सफॉर्मरला वेगळा स्टॅबिलायझर द्या. अख्ख्या मशिनला देण्याची गरज नाही, खर्च कितीतरी कमी होतो.

नवा व्हॉल्व्ह पहिले २०० तास छापील व्होल्टेजवर चालवा. मग ०.१ व्होल्टच्या पायरीने उतरवत जा आणि प्रत्येक पायरीला तोच जॉब, तीच वेळ लावून प्लेट करंट आणि हार्डनिंगची खोली पाहा. जिथे खोली कमी पडायला लागते, तिथून ०.२ व्होल्ट वर येऊन थांबा. दर महिन्याला पुन्हा तपासा. फार खालीही जाऊ नका, थंड फिलामेंटवर आतला वायू बसून ते निकामी होते. चहाच्या सुट्टीत फिलामेंट बंद करण्याची सवय असेल तर मोडा. थंड फिलामेंटचा रोध तप्त असतानाच्या सुमारे दहावा हिस्सा असतो, चालू करताना प्रवाहाचा झटका बसतो आणि तारा एकमेकींकडे ओढल्या जातात. सकाळी चालू करताना हा झटका ठरलेल्या प्रवाहाच्या दुपटीपलीकडे जाणार नाही अशी टप्प्याटप्प्याची सुरुवात हवी.

दुसरे पाणी. बोअरचे किंवा टँकरचे पाणी ॲनोडच्या जॅकेटमधून फिरवत असाल, तर आज बंद करा. क्षार ॲनोडवर बसतात, पांढरा पापुद्रा धरतो, उष्णता अडते, तिथे पाणी स्थानिक उकळते आणि तांब्याला एका जागी खड्डा पडतो. जुना व्हॉल्व्ह अजून स्क्रॅपमध्ये दिला नसेल तर जॅकेट काढून ॲनोड पाहा. पांढरा थर, निळसर-हिरवा डाग किंवा तपकिरी वर्तुळ दिसेल, आणि त्यावरून पाणी कुठे अडले ते कळेल. बंद चक्रात डीएम (क्षार काढलेले) पाणी वापरा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान ७० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ॲनोडवर हजारो व्होल्ट असतात, म्हणून रबरी नळ्यांची लांब वेटोळी ठेवलेली असतात. ती ‘उगाच लांब आहेत’ म्हणून कुणी कापली असतील, तर पाण्यातून गळती वाढते आणि जोड सडतात. फ्लो स्विच परतीच्या नळीवर आहे ना, तेही बघा. आत जाणाऱ्या नळीवर असेल तर मध्येच पाइप फुटला तरी स्विचला पाणी वाहतेच आहे असे वाटते.

तिसरे, ऑपरेटर. कॉइलमध्ये जॉब नसताना हीट दिली की ग्रिड करंट चढतो आणि बारीक तारांची ग्रिड लाल होते. जॉब जागेवर आल्याशिवाय हीट सुरूच होणार नाही असा एक लिमिट स्विच लावा. ग्रिड करंटच्या मीटरवर तांबडी रेघ मारून ठेवली तर नवा मुलगाही चुकत नाही.

गेलेला मोठा व्हॉल्व्ह भंगारात घालू नका. धातू-सिरॅमिकचे काही व्हॉल्व्ह उघडून, नवे फिलामेंट आणि ग्रिड घालून, पुन्हा निर्वात करून देतात. कॅलिफोर्नियातल्या वुडलँडची इकॉन्को हेच काम करते. बाहेरचे आवरण शाबूत असेल तरच ते घेतात, म्हणून काढताना सिरॅमिकला ठोकर लागू देऊ नका.

प्रश्न : जुन्या बाजारात एका रविवारी आयमॅकचा ३-५००झेड व्हॉल्व्ह मिळाला. खोका नाही. लिनिअरमध्ये (रेडिओच्या शक्तिवर्धकात) लावण्याआधी कसा तपासू? आणि हा व्हॉल्व्ह चालताना प्लेट लाल होते म्हणतात, ते चांगले की वाईट?
— हॅम (हौशी रेडिओचालक), कोथरूड

लाल होणे या व्हॉल्व्हचा स्वभाव आहे. इतर काचेच्या व्हॉल्व्हवर वरती आरशासारखा चकचकीत डाग असतो, तो गेटर. हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो. ३-५००झेडमध्ये वायू शोषण्याचे काम प्लेटवरचा झिर्कोनियमचा थर करतो आणि तो तापल्याशिवाय करत नाही. म्हणून वर्षानुवर्षे पडलेला व्हॉल्व्ह वायूने भरतो आणि मंद लाल चालवलेला टिकतो. मात्र लाली सर्वत्र सारखी हवी. एकाच कोपऱ्यात पिवळसर ठिपका दिसला तर आतली मांडणी सरकली आहे.

आधी मल्टिमीटरने फिलामेंट सलग आहे का आणि ग्रिडला चिकटलेले नाही ना ते पाहा. व्हॉल्व्ह उभा धरून बोटाने हलकी टिचकी मारत पाहा, काही शॉर्ट तेव्हाच दिसतात. फिलामेंटच्या पिना बघा. सॉकेट सैल असले किंवा पंखा बंद पडला की पिनेतले कथील वितळून ओघळते. असे झाले असेल तर व्हॉल्व्हपेक्षा आधीच्या मालकाचे सॉकेट वाईट होते असे समजा, कथील पुन्हा भरता येते.

मग पिनांवर मोजून ५ व्होल्ट द्या. सुमारे साडेचौदा अँपिअर लागतात, म्हणून तारा जाड घ्या. पंखा सुरू ठेवून बारा तास नुसते फिलामेंट जळू द्या. त्यानंतर प्लेटला दाब द्याल तो काही मेगओहमच्या रोधातून, मायक्रोअँपिअर मीटर लावून, फिलामेंट बंद ठेवून. दोन हजार व्होल्टला काटा हललाच नाही तर उत्तम. हलून हळूहळू खाली आला तरी आशा आहे. थरथरत वर चढत गेला तर व्हॉल्व्ह शोकेसमध्ये ठेवा. चालू स्थितीत काचेच्या आतल्या बाजूला गडद निळी झाक दिसते, तिला घाबरू नका. इलेक्ट्रोडांच्या मधोमध जांभळट धुके दिसले तर तो वायू, ताबडतोब बंद करा.

२,५०० व्होल्टला संकेत नसताना सुमारे १३० मिलिअँपिअर प्लेट करंट येतो. म्हणजे काही न बोलताही सव्वातीनशे वॅट उष्णता. काचेची चिमणी आणि सॉकेटखालून वर येणारी हवा यांच्याशिवाय हा व्हॉल्व्ह पेटवू नका.

प्रश्न : आमच्याकडच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांतही अशा नळ्या असतात का?
— शिक्षक, नारायणगाव

नाही. ४५ मीटरच्या त्या ३० तबकड्या फक्त ऐकतात, आकाशात काही पाठवत नाहीत. त्यांना लागतात ते अत्यंत कमी गोंगाटाचे ट्रान्झिस्टर शक्तिवर्धक, आणि आजूबाजूची शांतता. ही गोष्ट वरच्या भोसरीच्या उत्तराला जोडून सांगावीशी वाटते. प्लास्टिक वेल्डिंगची व्हॉल्व्हवाली मशिने २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यांची पाचवी पट १३५.६ मेगाहर्ट्झला येते आणि दुर्बीण त्याच परिसरात ऐकत असते. असे मशिन तुमच्या भागात कुणी बसवत असेल, तर पत्र्याचे पूर्ण आवरण, दारांना धातूची पट्टी आणि मेन्सला फिल्टर यांचा आग्रह धरा, आणि वेधशाळेला आधी कळवायला सांगा.

प्रश्न : ओव्हनमधली मॅग्नेट्रॉन ही याच जातीची नळी का? आमचा ओव्हन फिरतो, दिवा लागतो, पण गरम करत नाही. मुलगा घरी उघडून बघतो म्हणतोय.
— वाचक, सदाशिव पेठ

जात तीच, २,४५० मेगाहर्ट्झची. मुलाला उघडू देऊ नका. आत सुमारे चार हजार व्होल्ट आणि एक कपॅसिटर असतो, तो प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देतो. गरम न होण्याचे कारण बरेचदा मॅग्नेट्रॉन नसून दाराचा मायक्रोस्विच, उच्च दाबाचा फ्यूज किंवा डायोड असतो. मेकॅनिकला आधी हे तीन तपासायला सांगा, मगच मॅग्नेट्रॉनचे पैसे द्या. बदललीच, तर जुनी नळी लोहचुंबकासाठी फोडू नका. काही नळ्यांच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असते आणि त्याची धूळ फुफ्फुसांना फार वाईट. अख्खी नळी ई-कचऱ्यात द्या.